सल्फेटसाठी नॅनोफिल्ट्रेशन प्लांट: पाणी उत्तम, पण वीज गेली की घात

बोअरच्या पाण्यात सल्फेट ८५० आणि कॅल्शियम २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर. आयएस १०५०० प्रमाणे सल्फेट २०० पर्यंत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर ४००. हा प्लांट अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून (मेम्ब्रेन) पाणी दाबून गाळतो; त्यातून सल्फेट ३० च्या आत येतं, तेही सहा बार दाबावर. आरओला (त्याचं मेम्ब्रेन याहून घट्ट) दहा-बारा लागले असते, म्हणजे वीजबिलातली बचत खरी आहे. फक्त टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटरवर विसंबू नका. हे मेम्ब्रेन क्लोराइड बरंचसं जाऊ देतं, त्यामुळे सल्फेटची गळती त्या आकड्यात लपते. सल्फेट तपासायला बेरियम क्लोराइडचं टेस्ट किट ठेवा.

आता खरी तक्रार. प्लांट ७५ टक्के रिकव्हरीवर (१०० लिटरमधून ७५ लिटर गाळलेलं पाणी) सेट करून दिला होता. म्हणजे रिजेक्टमध्ये (वाया जाणाऱ्या पाण्यात) सल्फेट जवळपास चौपट, ३३०० च्या आसपास. एवढ्यावर जिप्सम (कॅल्शियम सल्फेटचा थर) बसायला टेकलेलंच असतं. अँटिस्केलंट (थर रोखणारं रसायन) ते फक्त लांबवतं. पाणी वाहतं तोवर निभावतं. वीज गेली की तेच पाणी मेम्ब्रेनमध्ये साचून राहतं आणि स्फटिक धरतात. आधी शेवटचं मेम्ब्रेन जातं: परमिएट (गाळलेलं पाणी) घटतो, काढून उचललं तर पहिल्यापेक्षा जड लागतं.

सर्व्हिसवाल्यांनी सायट्रिक अ‍ॅसिडनं धुऊन बिल लावलं. फरक शून्य, आणि तो पडणारही नव्हता. सायट्रिक कार्बोनेटवर आणि लोहावर चालतं. जिप्समला ईडीटीए (कॅल्शियम धरून विरघळवणारं रसायन) लागतं, कॉस्टिक सोड्यानं पीएच ११ च्या वर नेऊन, तेही थर ताजा असताना.

सुधारणा: आधी दोन स्टार होते, पुढचे बदल केल्यावर तीन केले. रिकव्हरी ६० टक्के. बोअरच्या दर १०० लिटरमागे १५ लिटर जादा वाया जातात, ते खुपतं. पण मेम्ब्रेन त्याहून महाग. परमिएटची २०० लिटरची टाकी वर ठेवून फीडला (पाणी आत जाणाऱ्या पाइपला) नॉर्मली ओपन सोलेनॉइड (वीज असताना बंद राहणारा व्हॉल्व्ह) आणि एनआरव्ही (पाणी उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह) जोडला. वीज गेली की सोलेनॉइड आपोआप उघडतो आणि टाकीतलं पाणी मेम्ब्रेनमधलं रिजेक्ट बाहेर ढकलतं. सोलेनॉइड झिरो-डिफरन्शियलच (दाब नसतानाही उघडणारा) घ्या, साध्याला टाकीचा दाब पुरत नाही. रिजेक्टचा नीडल व्हॉल्व्ह जवळजवळ बंदच असतो, म्हणून त्याला बायपास देऊन तिथेही तसाच सोलेनॉइड. रिजेक्ट पाइपचं टोक हाउसिंगपेक्षा (मेम्ब्रेन बसवलेल्या नळीपेक्षा) उंच ठेवा, नाहीतर टाकी संपल्यावर मेम्ब्रेनही रिकामी होतात.

एवढं सामान प्लांटसोबतच यायला हवं होतं. कोटेशन घेताना ‘वीज गेल्यावर परमिएट फ्लश’ लेखी मागा, आणि हो म्हणणाऱ्याला विचारा: वीज नसताना फ्लशचा पंप चालणार कशावर?