घरच्या होडीला पंखा कोणता: ९ पिच की ७ पिच?

प्लायवूडची घरगुती होडी, मागे बाहेरून बसवलेलं छोटं आउटबोर्ड इंजिन, त्याला पाण्यात फिरणारा पंखा (प्रोपेलर). ९ पिचचा पंखा एका फेरीत, निदान कागदावर, ९ इंच पुढे सरकतो. ७ पिचचा ७ इंच. पाण्यात थोडी घसर होतेच.

रिकाम्या होडीत ९चाच वेग जास्त. पण मासेमारीला एकटं जातं कोण? दोघे जण, जाळं, बर्फाची पेटी, पेट्रोलचा डबा चढला की तोच पंखा जड होतो: पूर्ण थ्रॉटल देऊनही फेरे चढत नाहीत, नाक वर राहतं. ७ पिचला फेरे वाढतात, पिच कमी केल्याच्या साधारण इंचामागे मिनिटाला १५० ते २००. कमाल वेग थोडा जातो. उचल मात्र छान, आणि जाळ्याजवळ हळू चालवणंही सोपं. होडी हलकी असेल तर फेरे मर्यादेबाहेर जाऊ देऊ नका.

माझा कौल ७ला. आधी इंजिनाची उंची मात्र तपासा: पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेपेक्षा फार वर असेल तर कुठलाही पंखा हवा ओढेल.

नाशिककडे चाचणी घेणार असाल तर नांदूरमध्यमेश्वर नको, ते पक्षी अभयारण्य आहे. गंगापूर, दारणा धरणांवर परवानगी घेऊनच. ते पाणी नाशिककर पितात, तेल सांडू नका.