पॅरिसहून एका दिवसात प्रोव्हँ: तटबंदी बघाच, पण तळघरं सोडू नका

पॅरिसमध्ये आठवडाभर असाल, आयफेल, लूव्र, व्हर्साय सगळं उरकलं असेल आणि एक दिवस मोकळा उरला असेल तर डोळे झाकून प्रोव्हँ या मध्ययुगीन गावाला जा, मी सध्या भेटेल त्याला हेच सांगतेय. गार द लेस्त स्टेशनवरून पी लाइनची ट्रेन पकडायची आणि साधारण दीड तासाने शेवटच्या स्टेशनवर उतरायचं. गाव पॅरिसच्या लोकल वाहतुकीच्या पाचव्या झोनमध्ये येतं, त्यामुळे सगळ्या झोनचा नाव्हिगो पास (तिथला ट्रेन-मेट्रो-बसचा पास) असेल तर वेगळं तिकीट काढावं लागत नाही. फक्त परतीच्या गाड्यांचं टाइमटेबल आधीच बघून ठेवा, मेट्रोसारखी दर पाच मिनिटांनी गाडी नाहीये इथे.

स्टेशन खालच्या गावात आणि बघायचं बहुतेक सगळं वरच्या गावात, म्हणजे वीसेक मिनिटांची चढण आहे. रस्ते दगडी फरशांचे, त्यामुळे चांगले बूट हवेतच, आणि बाबागाडी किंवा गुडघेदुखीवाले आईबाबा बरोबर असतील तर जरा सावकाश घ्या.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक लोक येतात, तटबंदीवर फोटो काढतात, सीझर टॉवर चढतात, क्रेप खातात आणि जातात. तटबंदी भारीच आहे, बाराव्या-तेराव्या शतकातली, पोर्त सँ-झाँ दरवाज्यापासून तिच्या कडेकडेने चाललं की एका बाजूला बुरूज आणि दुसऱ्या बाजूला थेट शेतं, मध्ये एकही मॉडर्न बिल्डिंग नाही. पण प्रोव्हँ हे मुळात लढाईचं गाव नाही, ही बाजारपेठ होती. शांपाञ (शॅम्पेन) प्रांताच्या काउंट लोकांनी, म्हणजे इथल्या सरदारांनी, इथे वर्षातून दोन मोठ्या जत्रा भरवल्या, फ्लँडर्सकडून (आजच्या बेल्जियमकडचा भाग) लोकरीचं कापड यायचं, इटलीचे व्यापारी रेशीम आणि मसाले आणायचे, त्यात आपल्या मलबारची मिरीसुद्धा इजिप्त-व्हेनिस असं फिरत फिरत यायची. काउंटची हुशारी म्हणजे त्याने व्यापाऱ्यांना रस्त्यात संरक्षणाची हमी दिली, जत्रेत भांडणं मिटवायला खास अधिकारी नेमले, आणि प्रोव्हँचं नाणं पार रोमपर्यंत ओळखलं जायचं. २००१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं तेही मध्ययुगीन जत्रांचं गाव म्हणूनच.

हे डोक्यात ठेवून गावात फिरलात तर वेगळंच दिसायला लागतं. जुन्या घरांखाली कमानींची दगडी तळघरं आहेत, तिथे व्यापारी माल ठेवायचे. ग्राँज ओ दीम नावाची इमारत आधी बघा, पुढे चर्चला द्यायच्या दशमांश कराचं धान्य ठेवायचं कोठार झालं पण तेराव्या शतकात ते झाकलेलं मार्केट होतं. आत व्यापारी, कारागीर यांचे पुतळे मांडलेत, मुलांना मजा येते, मला मात्र ते जाडजूड खांब आणि वरच्या कमानीच जास्त आवडल्या, मान वर करून बघतच बसावंसं वाटतं. मग गावाखालची भुयारं, तिथे गाइडशिवाय सोडत नाहीत. आत उन्हाळ्यातही थंडी वाजते, जॅकेट न्या. भिंतींवर वेगवेगळ्या काळात लोकांनी कोरलेल्या खुणा दिसतात. टूर बऱ्याचदा फ्रेंचमधूनच असते, म्हणून पोचल्या पोचल्या टुरिस्ट ऑफिसमध्ये इंग्रजी टूरची वेळ विचारा आणि बाकी दिवस त्याभोवती बसवा.

सीझर टॉवरचा जिना अरुंद आणि अंधारा आहे, पण वरून अख्खं गाव आणि शेजारचं सँ-किरियास चर्च दिसतं. हे चर्च अर्धवटच राहिलं, मूळ प्लॅनइतकं लांब कधी बांधून झालंच नाही, आणि घुमट सतराव्या शतकातल्या आगीनंतरचा आहे. १४२९ मध्ये इंग्रजांशी लढणारी फ्रेंच वीरकन्या जोन ऑफ आर्क फ्रान्सच्या राजाबरोबर इथे प्रार्थनेला आली होती. आत तिकीट नाही, दहा मिनिटं शांत बसायला छान.

गरुड-ससाण्यांचा शो आणि घोडेस्वारांचा शो वसंतापासून शरदापर्यंतच असतो. मुलं बरोबर असतील तर घ्याच, ससाणा डोक्यावरून अगदी वीतभर अंतरावरून जातो आणि पंखांचा वारा कानाला लागतो! नुसते मोठेच असाल आणि वेळ कमी असेल तर शो सोडा, भुयारं सोडू नका.

जेवणाचं जरा जपून. चौकातल्या एका रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर यायला तासभर लागला आणि सॅलड शिळं होतं. त्यापेक्षा बेकरीतून ब्रेड आणि ब्री चीज घ्या (हा ब्री प्रांतच आहे) आणि तटबंदीजवळच्या गवतावर बसा. व्हेज लोकांनाही हे चालतं, फक्त कडक शाकाहारी असाल तर चीजमध्ये रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात ते वासराच्या पोटातलं द्रव्य) असतं हे लक्षात ठेवा.

आणि गुलाब! शांपाञचा काउंट तिबो चौथा क्रूसेडवरून (धर्मयुद्धावरून) येताना गुलाबाचं रोप घेऊन आला अशी इथली आख्यायिका आहे, त्यामुळे दुकानादुकानात गुलाबाचा मध, सरबत, आइस्क्रीम. पाकळ्यांचा जॅम चाखून बघा, गुलकंदाची चुलत बहीणच, फक्त उन्हात मुरवलेला नसून शिजवलेला, म्हणून जास्त पातळ आणि पारदर्शक. मी दोन बाटल्या आणल्या, पोळीबरोबर एक कधीच संपली. गुलाबाची बाग बघायची असेल तर जूनमध्ये जा, तेव्हाच खरा बहर असतो. जॅमची बाटली चेक-इन बॅगेत टाका, केबिन बॅगेत असेल तर सिक्युरिटीवाले काढून घेतात.