जुन्या घराचा इतिहास: प्रॉपर्टी कार्ड की शेजारची आज्जी?

आमचं सोलापुरातल्या साखर पेठेतलं घर आधी कुणाचं होतं ते शोधत होतो. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढलं तर मालकांची नावं, फेरफाराच्या तारखा, खरेदी की वारस सगळं ओळीत मिळतं, पण भाडेकरू त्यात सहसा नसतातच, आणि त्याआधीचे कागद मोडी लिपीत असले तर वाचणारा शोधा!

शेजारच्या आज्जी मात्र सुरूच झाल्या, इथं तेलंगणातून आलेलं विणकर कुटुंब राहायचं, माग इथंच होता म्हणे, आणि खरंच फरशी उचलली तर खाली मागावर बसताना पाय सोडायचा खड्डा निघाला की! तारखांचा तेवढा घोळ, त्यांना सगळंच 1930 च्या मार्शल लॉच्या, म्हणजे सोलापुरातल्या लष्करी अंमलाच्या वेळचं वाटतं.

मी तरी आधी आज्जींकडंच जाईन, कार्ड कुठं पळून जातंय.