पेन टॅब्लेट बंद पडला, पदर उलटा झाला: आयसोमेट्रिक स्प्राइटचे अकरा महिने

अकरा महिने झाले. नोकरी सांभाळून रोज रात्री दीड-दोन तास मी एका छोट्या गेमसाठी आयसोमेट्रिक स्प्राइट, म्हणजे वरून तिरकं बघितल्यासारखी दिसणारी गेममधली छोटी चित्रं, बनवते आहे. कोकणातलं कौलारू घर, अंगण, तुळशीवृंदावन, विहीर आणि घरात वावरणारी एक आजी. पिक्सेल रचून चित्र काढायला असेप्राइट, थ्रीडी मॉडेलसाठी ब्लेंडर आणि गेम बांधायला गोडो ही तीन सॉफ्टवेअर वापरते. त्यांची फीचर सांगत बसत नाही. वापरून काय कळलं तेवढं सांगते.

लिहायला बसले त्याला कारण पेन टॅब्लेट, म्हणजे पेनने काढलेलं चित्र संगणकात घेणारी पाटी. ४,२०० रुपयांना घेतला आणि सहाव्या महिन्यात केबल खोचायची खाच सैल झाली. केबल जरा हलली की पेन मेलं. सर्व्हिस सेंटरला तीन खेपा घातल्या. 'हे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही' हे उत्तर आणि दुरुस्तीचे २,९०० रुपये. टॅब्लेट टेबलावरून कधी हललासुद्धा नव्हता! बिल, पेटी, खरेदीची तारीख सगळं पुढे ठेवलं, तरी काउंटरवरच्या माणसाने खाच उघडून बघितली नाही. २,९०० दिले नाहीत, देणारही नाही.

मग माउसवर आले, आणि इथे माझं पहिलं मत बदललं. ६४ बाय ३२ पिक्सेलच्या टाइलवर (जमिनीच्या एका चौकटीच्या चित्रावर) पेनचा दाब, तिरकेपणा यांचा काहीच उपयोग नसतो. तिथे रेष ओढायची नसते, पायऱ्या रचायच्या असतात: दोन पिक्सेल आडवे, एक वर, पुन्हा दोन आडवे, एक वर. असेप्राइटमध्ये आठपट झूम करून माउसने हे पेनपेक्षा स्वच्छ होतं. नवीन शिकणाऱ्याने या कामासाठी आधी टॅब्लेट घेऊ नये, असं मी आता ठामपणे सांगते. असेप्राइटचे पैसे एकदाच भरायचे असतात. तेही जड वाटत असतील तर त्याचा सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) उपलब्ध आहे, तो स्वतःपुरता कंपाइल करून, म्हणजे त्यातून चालणारं सॉफ्टवेअर बनवून, वापरायची मुभा आहे. मी विकत घेतला आणि तो खर्च मला अजिबात बोचला नाही.

या पायऱ्यांबद्दल जरा जास्तच बोलणार आहे, कारण माझे पहिले दोन महिने त्यातच गेले. भूमितीतल्या खऱ्या आयसोमेट्रिकमध्ये जमिनीची रेष ३० अंशांवर असते. पिक्सेलमध्ये ती काढली की पायरी कुठे दोनची, कुठे एकची पडते आणि ओट्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. म्हणून गेममध्ये दोनास एक हे प्रमाण घेतात. त्याचा कोन साधारण २६.५७ अंश येतो आणि सगळ्या पायऱ्या सारख्या पडतात. मी मात्र ब्लेंडरमध्ये कॅमेरा ५४.७३६ अंशांवर ठेवून बसले होते, कारण पुस्तकी आकडा तोच. टाइल ६४ बाय ३२ यायच्या ऐवजी ६४ बाय ३७ येत होती आणि हाताने काढलेल्या अंगणाला रेंडर केलेली, म्हणजे ब्लेंडरने मॉडेलवरून चित्र करून दिलेली, विहीर काही केल्या बसत नव्हती. कॅमेरा ऑर्थोग्राफिक (लांबचं लहान न दाखवणारा) केला, त्याचे फिरवायचे कोन एक्स ६०, झेड ४५ ठेवले आणि विहीर जागेवर बसली. १२८ पिक्सेलच्या चौकोनी रेंडरमध्ये एक मीटरची टाइल बरोब्बर ६४ पिक्सेल रुंद हवी असेल, तर ऑर्थोग्राफिक स्केल (कॅमेऱ्यात मावणारी रुंदी, मीटरमध्ये) २.८२८४ ठेवा. उभी एक मीटरची भिंत मात्र या मापात ३९ पिक्सेलच्या किंचित वर जाते. ३२ पिक्सेलची हवी असेल तर ती ०.८१६५ मीटरच बांधायची. हा आकडा मी भिंतीवर चिकटवून ठेवला आहे.

छपराचा उतार हे त्याहून चिवट प्रकरण. आढं आणि वळचण दोनास एकमध्ये आपोआप बसतात, पण तिकोनी भिंतीवरची तिरकी कड कुठल्याही कोनात जाते. बऱ्याच खटपटीनंतर हे माप सापडलं: छपराची अर्धी रुंदी पडद्यावर ३२ पिक्सेल असेल तर आढं ४८ पिक्सेल उंच घ्यायचं. मग एक कड एकास दोन चढते, दुसरी एकास एक उतरते, दोन्हींच्या पायऱ्या स्वच्छ. छप्पर जरा उभं दिसतं, पण तिकडच्या पावसाला शोभतं.

आता आजी. आठ दिशा, चालण्याच्या ८ फ्रेम (हालचालीतली एकेक चित्रं), उभं राहण्याच्या ४, झाडू मारण्याच्या ६, म्हणजे १४४ चित्रं. जुन्या गेमवाल्यांची युक्ती मला माहीत होती. 'एज ऑफ एम्पायर्स' या जुन्या युद्धाच्या गेममध्ये पाचच दिशांची चित्रं असायची, उरलेल्या तीन आरशासारख्या उलटवून दाखवायचे. १४४ ची ९० झाली. मी खूश. सगळं हाताने काढलं, चार महिने लागले.

आई मागे उभी राहून बघत होती. आजी विहिरीकडून ओट्याकडे वळली आणि आई म्हणाली, "अगं, हिचा पदर उजव्या खांद्यावर कसा गेला?"

नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर. चित्र उलटवलं की पदर उजवीकडे, कमरेवरची कळशी दुसऱ्या बगलेत, आणि डावीकडून येणारं ऊनही उजवीकडून. चिलखतातल्या शिपायाची तलवार हात बदलते तेव्हा कुणाचं लक्ष जात नसेल, पण पदर मराठी घरातल्या कुणालाही दिसतो. ती चित्रं तशीच ठेवणं मला शक्य नव्हतं.

इथे दुसरं मत बदललं. दिवाळीच्या सुमारास हे लिहिलं असतं, तर ब्लेंडरमधून काढलेले स्प्राइट निर्जीव असतात असंच म्हटलं असतं. आता आजीचं साधं मॉडेल ब्लेंडरमध्ये आहे. कॅमेरा आणि दिवा हलवत नाही, मॉडेल एका एम्प्टीला (न दिसणाऱ्या आधारबिंदूला) बांधून दर वेळी ४५ अंश फिरवते, म्हणजे ऊन डावीकडूनच राहतं. छोटी पायथन स्क्रिप्ट (हे काम आपोआप करणारा प्रोग्राम) लावली की १४४ फ्रेम माझ्या जुन्या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत निघतात. दोन गोष्टी आधी बदला. फिल्टर साइझ (कडा किती मऊ करायच्या ते माप) मुळात १.५ असते, ती ०.०१ करा, नाहीतर कडा धूसर येतात. आणि व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग दाखवायची पद्धत) एजीएक्सवरून स्टँडर्डवर आणा, नाहीतर लुगड्याचा हिरवा फिका पडतो.

गोडोबद्दल थोडक्यात: फुकट आहे आणि पुरेसा आहे. वाय-सॉर्ट चालू करा, म्हणजे पडद्यावर खाली असलेलं चित्र वरच्याच्या पुढे दिसतं. स्प्राइटचं मूळ (ज्या बिंदूवरून त्याची जागा मोजतात तो) पायांशी ठेवा, टेक्स्चर फिल्टर निअरेस्ट (पिक्सेल धूसर न करणारा) ठेवा. पडवीचे खांब घराच्या चित्रातून वेगळे कापा, नाहीतर आजी खांबामागून जाताना खांबावरूनच चालते.

रेंडर निघाला की काम संपत नाही. चेहरा चार पिक्सेलचा, तो हातानेच. पाठीमागचा काष्टा रेंडरमध्ये नुसता डाग दिसतो, म्हणून पाठमोऱ्या तीन दिशांमध्ये तो मी असेप्राइटमध्ये फ्रेमागणिक काढते: दोन गडद पिक्सेल, शेजारी एक उजळ, पाऊल पुढे पडलं की उजळ पिक्सेल एक घर खाली. चालण्याच्या २४ फ्रेम झाल्या. झाडू मारण्याच्या १८ बाकी आहेत, आणि त्यात ती वाकते, त्यामुळे काष्टा ताणला जातो. तो कसा दिसतो हे बघायला काल आईला नऊवारी नेसून अंगण झाडायला सांगितलं आणि फोनवर व्हिडिओ घेतला. आता तो फ्रेम-फ्रेम थांबवून बघते आहे.