वावर मोडलं अन् पुरावा गेला

मागच्या खरिपात माझ्या चार एकरांतलं सोयाबीन उगवलं नाही. आमच्या पुसदच्या भागात हे काही नवल नाही, दर दोन-चार वर्षांनी कुणावर तरी दुबार पेरणी येतेच. मी लिहायला बसलो ते बियाण्याबद्दल नाही. बियाणं दगा देऊन गेल्यावर पुढच्या दोन दिवसांत मी जे केलं, त्याबद्दल.

कृषी केंद्र ओळखीचं. वडिलांपासून तिथलं खातं. पाच बॅगा घेतल्या, निम्मे पैसे रोख, निम्मे दिवाळीच्या बोलीवर. बिल मागितलं तर दुकानदार हसला. "उधारीचं पक्कं बिल कुठं निघते भाऊ, माल निघाल्यावर घेऊन जाजो." वहीचं अर्धं पान फाडून दिलं. त्यावर 'सोया ५' आणि खाली आकडा. ना सही, ना बियाण्याच्या खेपेचा लॉट नंबर. हे पुढं वर्षभर माझं एकमेव कागदपत्र होतं. बियाणं विकताना दुकानदारानं रोखीची असो की उधारीची, पावती द्यायलाच पाहिजे, हे १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. उधारीचीसुद्धा. हे मला कधी कळलं, तर नोव्हेंबरात.

पेरणी चांगल्या ओलीवर झाली. आठव्या दिवशी वावरात गेलो तर तास दिसेना. बोटानं माती उकरली. दाणा फुगलेला, पिवळा पडलेला, दाबला की पिठासारखा फुटायचा आणि आंबूस वास यायचा. एका हातभर तासात कुठं दोन रोपं, कुठं एक. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण निदान ७० टक्के पाहिजे. माझ्याकडे शंभरातले वीसही वर आले नव्हते.

दुकानदार भांडेल असं वाटलं होतं. त्यानं चहा मागवला. खरं सांगतो, मी तिथंच विरघळलो. म्हणे, "कंपनीवाले तुले चकरा मारायला लावतीन. मी माझ्या खिशातून तीन बॅगा देतो. पण आजच्या आज वावर मोड आन् उद्या पेरून घे, वाफसा गेला तर काईच हाती नाही येणार." नंतर एक टाईप केलेला कागद पुढं केला, वर रेव्हेन्यू तिकीट. "बॅगा नेल्याची पोच हाय, बाकी काई नाही." पहिली ओळ वाचली, बॅगांचीच होती. सही केली. फोन खिशात होता, पण कागदाचा फोटो काढावा हे सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर लावून वावर उलटवलं.

शेजारच्या धुऱ्यावरच्या काकांनी तेच बियाणं त्याच दुकानातून नेलं होतं. त्यांनी वावराला हात लावला नाही. पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. पाच दिवसांनी तालुक्याची तक्रार निवारण समिती आली, तासातली रोपं मोजली, पंचनामा केला. त्या पाच दिवसांत ओल चालली होती आणि अख्खं गाव काकांना हसत होतं. मीही हसलो. माझी दुसरी पेरणी होऊन गेली होती ना!

ती उशिराची पेरणी शेंगा भरायच्या वेळी पावसात सापडली. एकरी दोन पोते झाले. मग माझे डोळे उघडले आणि मीही अर्ज घेऊन गेलो. अधिकारी बिचारा भला माणूस. म्हणाला, दादा, मोजायला काय उरलं सांगा? बिल नाही, बॅगेवरचा टॅग नाही, ते वावरही नाही. दुकानदाराला बोलावलं तर त्यानं माझा कागद काढला. तिसरी ओळ अधिकाऱ्यानं मोठ्यानं वाचली: खोल पेरणीमुळे उगवण झाली नाही, बियाण्याबाबत माझी तक्रार नाही व पुढे करणार नाही. खाली माझी सही, स्वच्छ अक्षरात.

तालुक्याच्या विधी सेवा समितीत वकिलाला भेटलो, पैसे लागले नाहीत. त्यानं मला दोन गोष्टी सांगितल्या. खोटं सांगून घेतलेली सही रद्द करता येते, पण खोटं सांगितलं हे दाखवायची जबाबदारी माझी. आणि त्या वेळी दुकानात आम्ही दोघंच होतो. दुसरी गोष्ट काकांच्या कामाची निघाली. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, माल पाच लाखांपर्यंतचा असला तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. काकांनी तक्रार टाकली. बिल, पंचनामा आणि टॅग शिवलेली रिकामी बॅग, एवढंच जोडलं. तारखा सुरू आहेत.

माझ्या पाच बॅगांपैकी एक आईनं गोठ्याच्या फटीला लावली होती, ती घरी सापडली. पण वरचं तोंड टॅगसकट कापलेलं. बॅग खालून उसवायची असते, म्हणजे टॅग आणि लॉट नंबर वर शाबूत राहतो. चाळीस वर्षं शेती करणाऱ्या घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदा दुसऱ्या दुकानात गेलो. पेरायच्या आधी घरी ओल्या गोणपाटात त्यातले शंभर दाणे गुंडाळून पाहिले, त्र्याऐंशी उगवले. पण त्याआधी दुकानातच बिलावर लॉट नंबर लिहून घेतला, टॅगशी ताडून पाहिला, फोटो काढला. दुकानातला पोरगा कंटाळून म्हणाला, "काका, एवढं काय पाहून रायले?" मी म्हटलं, "वाचून रायलो, बापा. थांब जरा, तिसरी ओळ राहिली."