यूव्ही आणि पायप्रोजेक्ट: लायब्ररीच्या डिपेंडन्सी नीट लिहिण्याचा काही महिन्यांचा अनुभव

जळगावात आम्ही तिघं मिळून एक पायथन लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, सांभाळतो. तिला चालायला लागणारी दुसरी पॅकेजेस म्हणजे तिच्या डिपेंडन्सी. बाजार समित्यांच्या भावाच्या फायली प्रत्येकीच्या वेगळ्या धाटणीच्या. कुठे तारीख आधी, कुठे आवक आधी. रावेर-यावलची केळी असो, धरणगावकडचा कापूस असो की नंदुरबारची मिरची, सगळं वाचून एकसारखा तक्ता करून देणं एवढंच तिचं काम. वापरणारे बहुतेक विद्यार्थी आणि शिक्षक, आणि लॅपटॉप बहुतेक विंडोजचे.

लायब्ररी आमच्या हाती आली तेव्हा डिपेंडन्सी लिहायच्या तिच्या सेटअप डॉट पाय फायलीत पिप फ्रीझचं आउटपुट जसंच्या तसं चिकटवलेलं होतं. पिप हे पॅकेजेस बसवणारं पायथनचं नेहमीचं साधन, आणि पिप फ्रीझ म्हणजे आपल्याकडे बसवलेल्या सगळ्या पॅकेजांची आवृत्त्यांसह यादी. प्रत्येक नावापुढे == (नेमकी हीच आवृत्ती हवी), आणि यादीत नोटबुक चालवायचं ज्युपिटरसुद्धा, ज्याची लायब्ररीला गरजच नाही. अ‍ॅप्लिकेशनला हे चालून जातं, कारण तिथलं सगळं एन्व्हायर्नमेंट (बसवलेल्या पॅकेजांचा संच) आपल्या ताब्यात असतं. लायब्ररी मात्र पाहुणी म्हणून दुसऱ्याच्या घरी जाते. तिथे आधीच कुणीतरी नम्पाय या आकडेमोडीच्या पॅकेजची वेगळी आवृत्ती मागितलेली असते, आणि 2020 च्या अखेरीस आलेल्या पिप 20.3 पासून त्यातला आवृत्त्या जुळवणारा रिझॉल्व्हर अशा वेळी सरळ नकार देतो. धुळ्याच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला होता, "सर, तुमचं टाकायला गेलो की माझ्या प्रोजेक्टचं दुसरं काहीतरी अडतं." त्याचं शंभर टक्के बरोबर होतं.

म्हणून आम्ही सगळं पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या प्रमाणित फायलीत आणलं आणि रोजच्या कामाला यूव्ही हे पॅकेजेस बसवणारं साधन घेतलं. यूव्हीच्या वेगाबद्दल खूप लिहून आलंय, मी थोडक्यात सांगतो: खरं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेलं हे साधन रस्टमध्ये लिहिलेलं आहे. एकदा उतरवलेलं पॅकेज कॅशमध्ये राहतं, त्यामुळे नवं एन्व्हायर्नमेंट काही सेकंदांत उभं राहतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला याची किंमत कळेल.

पण लायब्ररी लिहिणाऱ्यासाठी खरा फायदा वेगात नाही, खालची मर्यादा, म्हणजे किमान कोणती आवृत्ती चालते ती, तपासता येते त्यात आहे. यूव्ही अ‍ॅड या आज्ञेने पॅकेज यादीत घातलं की ते आजच्या ताज्या आवृत्तीलाच >= (ही किंवा नंतरची) लावून मोकळं होतं. हे तसंच ठेवलं तर ज्याच्याकडे सहा महिन्यांपूर्वीचं पांडास (तक्ते हाताळायचं पॅकेज) आहे त्यालाही आपण विनाकारण बाहेर काढतो. आम्ही तो आकडा हाताने पांडास>=1.5 इतका खाली आणला आणि वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये यूव्ही पिप इन्स्टॉलला रिझॉल्यूशन लोएस्ट-डायरेक्ट हा पर्याय दिला. त्याने यूव्ही थेट डिपेंडन्सींच्या सर्वांत जुन्या चालणाऱ्या आवृत्त्या टाकतं. टेस्ट लगेच पडल्या. आमच्या कोडमध्ये डेटाफ्रेमवर, म्हणजे पांडासच्या तक्त्यावर, मॅप हे फंक्शन वापरलेलं आहे आणि ते पांडास 2.1 मध्ये आलं, त्याआधी अ‍ॅप्लायमॅप होतं. आता फायलीत पांडास>=2.1 आहे, आणि तो आकडा अंदाजाचा नाही. एक लक्षात ठेवा: जुन्या पॅकेजांची नव्या पायथनसाठी व्हील (तयार बांधलेल्या फायली) नसतात, म्हणून ही चाचणी जुन्या पायथनवर करावी लागते. यूव्ही तो पायथनही स्वतःच आणून देतं, शोधत बसायला नको.

वरची मर्यादा आम्ही सहसा लावत नाही. जून 2024 मध्ये नम्पाय 2.0 आलं तेव्हा 1 च्या मालिकेवर कंपाइल केलेली पॅकेजेस अडली, हे खरं. तुटणार हे माहीत असेल तर मर्यादा जरूर घाला. पण न पाहिलेल्या आवृत्तीला आधीच बंदी घातली तर ती वापरणाऱ्याला सहज उठवता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

आता यूव्ही काय करत नाही ते. आपण जे इम्पोर्ट करतो ते यादीत आहे का, हे ते बघत नाही. आमच्या कोडमध्ये टाइमझोनसाठीचं पायटीझेड थेट इम्पोर्ट होत होतं. पांडास 2 च्या मालिकेसोबत ते आपोआप येतं, म्हणून यादीत नसतं तरी कुणाला कळलं नसतं. पांडास 3.0 ने ते ऐच्छिक केलं. असं दुसऱ्याच्या जिवावर चालणारं इम्पोर्ट डेपट्राय नावाचं साधन दाखवून देतं, ते सोबत ठेवाच. आम्ही पुढे पायटीझेड काढून पायथनचं स्वतःचं झोनइन्फो घेतलं. त्याला विंडोजवर टाइमझोनची माहिती मिळत नाही, म्हणून टीझेडडेटा हे पॅकेज लागतं. त्या ओळीला सिस-प्लॅटफॉर्मचा मार्कर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची अट, लावला, त्यामुळे ती ओळ फक्त विंडोजवर लागू होते. पीईपी 508 या पायथनच्या मानक दस्तऐवजात अशा अटी लिहायची सोय आहे.

एक्सेलच्या फायली वाचायला लागणारं ओपनपायएक्सएल ऑप्शनल डिपेंडन्सीमध्ये टाकलं. सीएसव्हीवाल्याला त्याचं ओझं नको. टेस्ट चालवणारं पायटेस्ट डिपेंडन्सी ग्रुपमध्ये, पीईपी 735 प्रमाणे. ते पॅकेजच्या मेटाडेटात, म्हणजे वापरणाऱ्याकडे जाणाऱ्या माहितीत, जातच नाही.

भुसावळच्या मित्राने विचारलं, "भो, लॉक फाइल आहे ना, मग ही सगळी खटपट कशाला?" यूव्ही डॉट लॉक, म्हणजे सगळ्यांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदलेली ती लॉक फाइल, आमच्या तिघांच्या मशीनवर आणि टेस्ट चालतात तिथे उपयोगी आहे. बाहेरचा माणूस लायब्ररी इन्स्टॉल करतो तेव्हा ती फाइल कुणी उघडतही नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात त्या पायप्रोजेक्टमधल्या ओळी.

पोएट्री या यूव्हीसारख्याच साधनावर सुखाने काम चालू असेल तर केवळ यासाठी बदलू नका. जानेवारी 2025 मधल्या पोएट्री 2.0 पासून तेही पायप्रोजेक्ट फायलीतला 'प्रोजेक्ट' हा प्रमाणित विभाग वाचतं. जुन्या फायलीत आवृत्तीआधी कॅरेटचं (^) चिन्ह असेल तर तेवढं तपासा, कारण त्यात वरची मर्यादा गुपचूप लागलेली असते.