गिझर गळतोय: दुरुस्ती परवडेल की नवाच घ्यावा?

पाणी नेमकं कुठून गळतंय हे कळल्याशिवाय दुरुस्ती की नवा, हा विचारच करू नका. एकच गिझर बघून एक मिस्त्री वॉशर बदलून देतो आणि दुसरा 'काढून टाका' म्हणतो, ते याच कारणाने. एकाने शोधलेलं असतं, दुसऱ्याने अंदाज बांधलेला असतो.

आधी एमसीबी (मेन बोर्डावरचा खटका) पाडा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग गिझरकडे जाणारा पाण्याचा अँगल कॉक बंद करा. गळतं पाणी वायरपर्यंत पोचलं असेल आणि अर्थिंग धड नसेल, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून हे आधी, बाकी सगळं नंतर.

उभ्या गिझरचे पाइप, व्हॉल्व्ह आणि कॉइल सगळंच खाली असतं. पाणी कुठूनही आलं तरी शेवटी खालच्या झाकणाच्या कडेवरून टपकतं. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून (वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या माणसाकडून) झाकण काढून घ्या, आतलं सगळं फडक्याने कोरडं करा आणि कॉक पुन्हा सोडून थोडा वेळ नुसतं बघत बसा. वीज मात्र बंदच ठेवा. कॉइल बसवलेल्या चकतीभोवती थेंबांचं कडं दिसलं तर गास्केट, म्हणजे तिथलं रबरी पॅकिंग, गेलं. पाइपच्या आट्यांवर ओल आली तर टेफ्लॉन टेप किंवा नवा पाइप लावून काम होतं. पण पत्रा आणि टाकी यांच्या मधून पाणी येत असेल, आतला फोम भिजून त्यावर तांबूस डाग पडले असतील, तर टाकीच फुटली आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यापायी चांगले गिझर भंगारात जातात. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर गेलं की फुगून साधारण पावणेचारशे मिलिलिटरने वाढतं. ते व्हॉल्व्हमधून बाहेर येतं. गिझर चालू असतानाच ठिबकत असेल तर काळजीचं कारण नाही. दिवसभर ठिबकत असेल, तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलेत किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. टाकी दहा मीटर उंच असली की सुमारे एक बार दाब पडतो, आणि सोसायटीने गच्चीवर प्रेशर पंप बसवला असेल तर तो आणखी वाढतो. अशा वेळी व्हॉल्व्ह बदला, गरज पडली तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावून घ्या. 'बूच मारून देतो' म्हणणाऱ्याला मात्र हातही लावू देऊ नका. वाफेचा दाब सुटायची तेवढीच एक वाट असते.

म्हणजे गास्केट, पाइप किंवा व्हॉल्व्हचं दुखणं असेल तर माझं मत सरळ दुरुस्तीकडे. खर्च नव्याच्या मानाने किरकोळ असतो आणि काम बहुतेकदा एकाच फेरीत उरकतं. गास्केटसाठी कॉइल बाहेर काढलीच आहे, तर तिच्याकडे नीट बघा. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या कॉइलवर पांढरट खडूसारखा थर चढलेला असतो आणि टोकरला की खपल्या पडतात. शेजारची मॅग्नेशियमची कांडी झिजून तारेएवढी उरली असेल तर तीही बदला. टाकीऐवजी स्वतः झिजणं हेच तिचं काम असतं.

टाकी फुटली असेल तर प्रश्न वेगळा. जुन्या गिझरची तांब्याची टाकी झाळून घेता येते आणि चांगला कारागीर मिळाला तर ती टिकतेही. हल्लीच्या टाक्यांना आतून काचेसारखा लेप असतो. वेल्डिंगच्या आचेने तो जळतो आणि तिथूनच पुन्हा गंज धरतो. त्या टाकीवर पैसे घालू नका. फक्त आधी वॉरंटी कार्ड शोधा. बऱ्याच कंपन्या टाकीवर पाच-सात वर्षांची वॉरंटी देतात, पण बाहेरच्या माणसाने हात लावला की ती जाऊ शकते. मुदत शिल्लक असेल तर झाकणसुद्धा कंपनीच्या माणसालाच उघडू द्या.

तुम्ही राहता कुठे, यावरही बरंच अवलंबून आहे. पुण्याच्या पेठांमध्ये खडकवासला धरणाचं पाणी येतं, ते मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. तिथे आठ वर्षांचा गिझरही दुरुस्त करून घेणं शहाणपणाचं. शहराच्या कडेला वाघोली, उंड्री भागात टँकर आणि बोअरवर दिवस काढावे लागत असतील, गिझर तेवढाच जुना असेल आणि गास्केटबरोबर कॉइल, थर्मोस्टॅटही बदलायचे निघाले, तर मी नवा घेईन.

नवा घेताना तीन लिटरच्या इन्स्टंटचा मोह होतो. 3 किलोवॉटची कॉइल पाणी 20 अंशांनी तापवते ती मिनिटाला जेमतेम दोन लिटर. म्हणजे जानेवारीत एका बादलीला नऊ-दहा मिनिटं. ओट्यावर भांडी घासायला तो ठीक आहे, आंघोळीला 15 किंवा 25 लिटरचाच बरा. गॅस गिझर भराभर पाणी देतो, पण बंद बाथरूममध्ये तो कदापि नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग.

पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिक बाजारात घ्या किंवा ऑनलाइन, उंच इमारतीसाठी 8 बार दाब सोसणारा आहे ना, हे खोक्यावर वाचून घ्या. घरी बसवल्यावर थर्मोस्टॅट 50-55 अंशांवर ठेवा. पाणी जितकं जास्त तापतं तितके क्षार लवकर बसतात.